इंजिनाच्या झडपेचा दोष कसा ओळखावा?

खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या टोकाशी वसलेले जुने व्यापारी गाव आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ सालचा ताम्रपट या गावाच्याच नावाने ओळखला जातो. गलबतांच्या काळात येथील माल भरती-ओहोटीची वेळ सांभाळून बाहेर जात असे. आता तो मोटारीने जातो. मुंबई-गोवा महामार्ग गावावरूनच गेला आहे, आणि जवळच्या तळेऱ्याहून वैभववाडी व करूळ घाटमार्गे कोल्हापूरची वाट फुटते. भरती चुकली तर गलबत पुढच्या भरतीपर्यंत थांबू शके. चौदा आणे तयार झालेला हापूस काढून पेटीत भरला, की मात्र त्याला थांबणे ठाऊक नसते. अशा वेळी गाडीचे इंजिन अडले, तर वर्षभराच्या फवारणीचे व राखणीचे श्रम रस्त्यावरच पिकू लागतात.

यास्तव इंजिनाचे दुखणे लवकर व अचूक ओळखता येणे ही आज बागायतदाराच्या गरजेची विद्या झाली आहे. या लेखात हवा आत घेणाऱ्या झडपेसंबंधीच्या दोषाचे निदान कसे करावे, याचा विचार एका प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे करावयाचा आहे.

एक अनुभव

ऐन एप्रिल महिन्यात खारेपाटण परिसरातील एका बागेत तुडतुड्यांच्या पाहणीसाठी मी गेलो होतो. खळ्यात पेट्या भरून तयार होत्या. परंतु पेट्या नेणारी पेट्रोलवर चालणारी लहान मालगाडी मांडवाखाली उभी होती आणि घरातील माणसे तिच्याभोवती चिंतेने जमली होती. गाडीच्या तक्त्यावरील इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा दोन दिवसांपासून विझत नव्हता. गाडी चालविणाऱ्या तरुणाने तक्रार सांगितली ती अशी : “साहेब, घाट चढताना कायच नाय, पन तिठ्यार उभी रवली की थरथरता आनि बंद पडता.”

त्याच्या एका मित्राजवळ मोबाइलला जोडावयाचे तपासणीयंत्र होते. ते लावताच ‘पी ००११’ असा संकेत उमटला आणि त्याखाली, हवेच्या झडपेची वेळ प्रमाणापेक्षा अगोदर येत आहे, अशा अर्थाची ओळ आली. एका मिस्त्रीने तेवढ्यावरून झडपा गेल्याचे सांगितले होते. इंजिनाचे डोके उतरवावे लागेल, झडपा बदलाव्या लागतील आणि चार दिवस लागतील, असे त्याचे म्हणणे होते. ऐन हंगामातले चार दिवस! मीही ‘झडप’ हा शब्द वाचला आणि मान डोलावली. कृषी पदवीधराला इंजिनाचे थोडे शिक्षण मिळालेले असते. तेवढ्याच्या बळावर मीही झडपांकडेच बोट दाखविले.

तेव्हा पडवीत बसलेले त्या तरुणाचे वडील शांतपणे म्हणाले, “साहेब, पान पिवळा झाला म्हणान लगेच खत घालू नको, असा तुम्हीच सांगतास मा?”

हे शब्द माझेच होते. भाताचे पान पिवळे पडले तर ते नत्राच्या कमतरतेने पडले असेल, लोहाच्या अभावाने पडले असेल, मुळाशी पाणी साचल्याने पडले असेल किंवा मुळे सडल्यामुळेही पडले असेल. जुने पान आधी पिवळे झाले की कोवळे, हे पाहिल्यावाचून खताचे पोते उघडू नये, असे मी सभांतून सांगत आलो होतो. आता तोच नियम इंजिनाला लावणे प्राप्त होते. आम्ही हत्यारांची पेटी बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून विचार करावयास बसलो.

झडप आणि तिची वेळ

इंजिनाचा श्वासोच्छ्वास चार टप्प्यांत चालतो. दट्ट्या खाली येतो तेव्हा हवेची झडप उघडते व हवा आत ओढली जाते. झडप मिटून दट्ट्या वर जातो तेव्हा ती हवा दाबली जाते. नंतर इंधन पेटून दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. आणि शेवटी धुराची झडप उघडून जळालेला वायू बाहेर पडतो. या चार टप्प्यांत मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे घेतो व हवेची झडप एकदाच उघडते. इंजिन मिनिटास ३००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक हवेची झडप सेकंदास २५ वेळा उघडते व मिटते. हे काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. साखळीने अगर पट्ट्याने तो क्रँकशाफ्टशी बांधलेला असून त्याच्या निम्म्या गतीने फिरतो.

जुन्या इंजिनांत झडप उघडण्याची वेळ कायमची ठरलेली असे. अलीकडील पुष्कळ पेट्रोल इंजिनांत ती चालू इंजिनातच मागेपुढे करता येते. कॅमशाफ्टच्या टोकाशी एक पोकळ चक्र बसविलेले असते. त्या चक्रात दाबाखालील इंजिन ऑइल सोडले म्हणजे कॅमशाफ्ट थोडा पुढे अथवा मागे वळतो. ऑइल कोणत्या बाजूस सोडावयाचे, हे विजेवर चालणारी एक लहान तेलाची झडप ठरविते. मिस्त्री लोक तिला सोलेनॉइड म्हणतात. तिच्यापाशी पुष्कळ गाड्यांत बारीक जाळी बसविलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात यावी. अशा इंजिनात ‘झडप’ या नावाच्या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. एक सिलिंडरच्या तोंडाशी बसून हवा घेणारी. तिला हात लावावयाचा तर इंजिनाचे डोके उतरवावे लागते. दुसरी बाहेरच्या अंगास बसून तेलाची वाट फिरविणारी. पुष्कळ गाड्यांत ती एकदोन बोल्ट काढून हाती घेता येते. आमचा गोंधळ या नामसाम्यातून झाला होता.

दोषसंकेत काय सांगतो?

गाडीतील संगणक निरनिराळ्या संवेदकांकडून माहिती घेत असतो. मिळालेली माहिती अपेक्षेशी जुळली नाही, तर तो दिवा लावतो व एक संकेत नोंदवून ठेवतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ही समान संकेतपद्धती सक्तीची झाली, आणि नंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतरच्या लहान मालगाड्यांतही ती असते. तपासणीयंत्र जोडण्याची सोळा टोकांची खोबण बहुधा चालकाच्या गुडघ्याजवळ, तक्त्याखाली आढळते.

संकेताचे पहिले अक्षर ‘पी’ असेल तर दोष इंजिन किंवा गिअरच्या भागातील समजावा. त्यानंतरचा अंक शून्य असेल तर तो सर्व कंपन्यांना समान असा संकेत होय. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा असतो. प्रस्तुत विषयाशी संबंध असलेले मुख्य संकेत असे :

‘पी ००११’ : कॅमशाफ्ट हुकुमापेक्षा पुढे राहतो आहे.
‘पी ००१२’ : तो हुकुमापेक्षा मागे राहतो आहे.
‘पी ००१०’ व ‘पी ००७५’ : वेळ बदलणाऱ्या सोलेनॉइडच्या विद्युत्-मंडलात बिघाड आहे.
‘पी ००१६’ : क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा परस्पर मेळ चुकला आहे.
‘पी ०३०१’, ‘पी ०३०२’ इत्यादी : अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही.

यांतील एकही संकेत ‘अमुक भाग बदला’ असे सांगत नाही. संकेत तक्रारीची जागा दाखवितो, कारण दाखवीत नाही. पिवळे पानही तेवढेच करते.

निदान कसे लागले

आता त्या तरुणाच्या तक्रारीकडे पुन्हा पाहू. भार असताना, घाट चढताना, गाडी नीट ओढते. उभी राहिली की थरथरते. सिलिंडरची झडप जळाली असती वा गळत असती, तर त्या सिलिंडरचा जोर गेला असता आणि तो घाटातही जाणवला असता. शिवाय एखाद्या सिलिंडरविषयीचा ‘पी ०३०१’सारखा संकेत येण्याचा संभव होता. तसा तो आला नव्हता.

उलट, कॅमशाफ्ट पुढच्या स्थितीतच अडकून राहिला असे धरले, तर सर्व लक्षणे जुळतात. चढणीवर संगणक स्वतःच झडप लवकर उघडावयास लावतो. तेव्हा अडकलेल्या स्थितीचा फारसा उपद्रव होत नाही. इंजिन मंद चालू असताना मात्र ती मूळ जागी परतावयास हवी. ती परतली नाही तर हवेची झडप धुराची झडप मिटण्यापूर्वीच उघडते, जळालेला वायू ताज्या हवेत मिसळतो आणि इंजिन गुदमरते. तळेऱ्याच्या तिठ्यावर हेच घडत होते.

मग कॅमशाफ्टला अडकविले कोणी? त्याला हलविणारे ऑइल असल्याने आम्ही प्रथम ऑइलच पाहिले. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते व ते काळे, चिकट झाले होते. चौकशी करता असे कळले, की मागील बदल कधी झाला ते कोणास आठवत नव्हते. आणि मध्यंतरी ऑइल कमी वाटले म्हणून नदीवरील डिझेल पंपासाठी आणलेल्या डब्यातील दाट ऑइल त्यात ओतले होते. गाडीच्या पुस्तिकेत त्याहून पातळ जातीचे ऑइल सांगितले होते. बारीक वाटांतून वेळेवर पोहोचावयाचे तेल दाट व गाळकट झाले, तर चक्र वेळेवर परतणार कसे?

त्या रात्री माल भाड्याच्या गाडीने पाठवावा लागला. तो खर्च टळला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मिस्त्रीकडून पुस्तिकेप्रमाणे ऑइल व फिल्टर बदलून घेतला. सोलेनॉइड काढून पाहिला, तेव्हा त्याच्या जाळीवर काळा गाळ बसलेला होता. जाळी स्वच्छ करून तो पुन्हा बसविला, संकेत पुसला आणि गाडी तिठ्यापर्यंत नेऊन तेथे मुद्दाम दहा मिनिटे चालू स्थितीत उभी केली. थरथर थांबली होती. दिवाही पुन्हा लागला नाही. इंजिनाचे डोके उघडण्याची गरज पडली नाही.

तपासणीचा क्रम

झडपेच्या वेळेसंबंधी संकेत आल्यास पुढील क्रम पाळावा. सोपे व बिनखर्चाचे काम आधी, कठीण व खर्चाचे शेवटी, हे त्यातील सूत्र आहे.

१. संकेत लिहून घ्यावा. घाईने पुसून टाकू नये. संकेत उमटला त्या क्षणीची इंजिनाची गती, उष्णता व भार यांची नोंद संगणक बहुधा ठेवतो. ती पुसली गेली तर निदानाचा मोठा आधार जातो.

२. दोष केव्हा दिसतो ते चालकास विचारावे : थंड असताना की गरम झाल्यावर, उभे असताना की चढणीवर. चालकाचे उत्तर यंत्राइतकेच मोलाचे असते.

३. ऑइलची पातळी, रंग व जात पाहावी. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी शिरले आहे. अशा वेळी इंजिन चालू करू नये.

४. तारा व जोड पाहावे. ‘पी ००१०’ किंवा ‘पी ००७५’ असल्यास ही तपासणी सर्वांत आधी करावी. मांडवात उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत जोडांवर हिरवट गंज चढतो. सोलेनॉइड विकत आणण्यापूर्वी तारेवर नजर फिरविणे फुकट असते.

५. यानंतर मिस्त्रीकडून सोलेनॉइड काढून त्याची जाळी व हालचाल तपासावी. त्याचा विद्युत्-विरोध मोजून तो पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

६. एवढे करूनही संकेत परत आला, विशेषतः ‘पी ००१६’ सोबत आला, अथवा इंजिन सुरू होताना साखळीचा खडखडाट ऐकू आला, तरच साखळी व चक्र उघडून पाहण्याचा विचार करावा.

७. दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत दोष दिसत होता, त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून पाहावी.

दिवा स्थिर जळत असेल तर काळजीपूर्वक गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंधन न पेटता बाहेर जात असून धूर शुद्ध करणारा भाग त्यामुळे निकामी होऊ शकतो; गाडी थांबवावी. ऑइलच्या डब्याच्या आकृतीचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर काहीही न उघडता अधिकृत दुरुस्तीकेंद्राकडे न्यावी.

झडपच गळत असेल तर

सिलिंडरची झडप खरोखरच बिघडली आहे की नाही, हेही डोके न उघडता कळू शकते. मिस्त्री प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजतो. एकाच सिलिंडरचा दाब कमी आढळला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष दट्ट्याच्या रिंगांचा. न वाढला तर संशय झडपेवर जातो.

त्याहून नेमकी परीक्षा म्हणजे त्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत आत दाबाची हवा सोडणे व कान देऊन ऐकणे. सूं-सूं आवाज हवेच्या फिल्टरकडून आला तर हवेची झडप गळते. सायलेन्सरमधून आला तर धुराची. ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा झिजल्या आहेत. आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर डोक्याखालचे गास्केट गेले आहे. ही परीक्षा माहीतगार माणसानेच करावी. हवेच्या दाबाने इंजिन एकदम फिरून हातास इजा होऊ शकते. गरम रेडिएटरचे झाकण तर कोणीही उघडू नये.

जेथे दिवा नाही

नदीवरील डिझेल पंप किंवा कलमांच्या फवारणीचा लहान पेट्रोल पंप यांना बहुधा संगणकही नसतो व संकेतही नसतो. तेथे आपले कान, हात व डोळे हीच साधने होत. झडपेचा नियम मात्र तोच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. झडप गळू लागली की दाब उतरतो, इंजिन सुरू होण्यास कुरकुर करते व न जळालेल्या इंधनाचा पांढरा धूर सोडते. बंद इंजिन हँडलने सावकाश फिरवावे. दाबाच्या टप्प्यावर हातास चांगला विरोध जाणवला पाहिजे. विरोध कमी लागला आणि हवेच्या नळीपाशी फुसकारा ऐकू आला, तर हवेच्या झडपेकडे लक्ष द्यावे. फवारणी पंपाची दोरी नेहमीपेक्षा हलकी ओढली जाऊ लागली, तर तेथेही हीच शंका घ्यावी.

तरीही झडप घासावयास काढण्यापूर्वी टॅपेटची फट मोजून घ्यावी. फट फार कमी राहिली तर झडप पूर्ण मिटत नाही, आणि निरोगी झडपही गळकी भासते. इंजिन थंड असताना, दट्ट्या दाबाच्या टप्प्याच्या शेवटी वरच्या टोकास आणून, पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या पातीने ती फट लावून घेतात. हे थोड्या वेळाचे काम आहे. त्याने काम न झाल्यास मगच डोके उतरवून झडप व तिची बैठक घासून घ्यावी. घासल्यानंतर नळीच्या बाजूने थोडे रॉकेल ओतून पाहिले असता झडपेच्या कडेने ते पाझरू नये.

झडपेचा मोठा शत्रू धूळ आहे. जांभ्याच्या रस्त्यावरील तांबडी धूळ हवेबरोबर आत गेली, की झडप, तिची बैठक व रिंगा यांना ती कानसेप्रमाणे झिजविते. म्हणून हवेच्या फिल्टरवाचून इंजिन कधीही चालवू नये. फिल्टर ऑइलचा असेल तर त्यातील ऑइल खुणेपर्यंत ठेवावे व गाळ साचताच बदलावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मिस्त्री व्हावे, अशी अपेक्षा नाही. परंतु हंगामापूर्वीच्या सभेत फवारणीच्या वेळापत्रकाबरोबर पंधरा मिनिटे इंजिनासाठी ठेवावीत. प्रत्येक इंजिनासाठी एक लहान वही ठेवण्यास शेतकऱ्यांना सांगावे. तीत ऑइल कोणत्या जातीचे, ते कधी बदलले, फिल्टर कधी साफ केला आणि दिवा कधी लागला, एवढे चार रकाने पुरेत. जमिनीची आरोग्यपत्रिका सांभाळतो तशी ही इंजिनाची पत्रिका सांभाळावी. दुरुस्तीसाठी गेल्यावर मिस्त्रीस एकच प्रश्न नम्रपणे विचारावा : “हा भाग गेला, हे आपण कोणत्या परीक्षेवरून ठरविले?” जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, तो परीक्षा करून दाखवितो.

त्या बागेत मी नंतर मोहर संरक्षणाच्या कामासाठी पुन्हा गेलो. मांडवात ऑइलचे दोन डबे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवलेले होते. एकावर चुन्याने ‘गाडी’ व दुसऱ्यावर ‘पंप’ असे लिहिले होते. खाली ऑइल बदलल्याची तारीख होती. अक्षर त्या वडिलांचे होते. कोपऱ्यातील एका कलमाची पाने पिवळी पडू लागल्याचे त्यांनी मला दाखविले. खताविषयी त्यांनी काही विचारले नाही. फावडे घेऊन ते मला आधी मुळाशी घेऊन गेले.